अंतर्गत भेट धरू नये

२ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं! संध्याकाळी पाच चाळीसला मशीन चालू झालं आणि माझी वेबसाइट जगाला उघडी झाली. जग म्हणजे सध्या कन्या. तिने होस्टेलवरून मोबाइलवर उघडून बघितली आणि लगेच फोन – "बाबा, दिसतंय. पण रंग कसला दिलाय हा? दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय." रंग आमच्या ऑफिसच्या भिंतीचा आहे. मला बरा वाटतो.

मशीन म्हणजे कन्येचाच जुना कॉम्प्युटर. ती शिकायला गेल्यापासून माळ्यावर पडून होता. आता पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडवर ठेवलाय. राउटर तिथेच आहे, आणि घरात तेवढा एकच प्लग मोकळा होता. लोक कुठल्यातरी कंपनीकडे जागा घेऊन वेबसाइट ठेवतात. माझी माझ्या घरात, माझ्या चपलांवर. मशीन चालू तोवर वेबसाइट चालू. मशीन बंद की कुलूप!

नाना, म्हणजे माझे वडील, टेबलाशी जेवत होते. मशीनच्या पंख्याची घरघर ऐकून हिला म्हणाले, "त्याला सांग, पंख्याला तेल नाही." मी दोन फुटांवर उभा. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "नाना म्हणतात, पंख्याला तेल नाही." मी म्हटलं, "त्यांना सांग, बघतो." तिने सांगितलं. तीन वर्षं आमच्याकडे असंच चाललंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या चोवीस तासांतल्या भेटी – एकशे बारा!!

मशीन प्रत्येक भेटीची एक ओळ आपोआप लिहून ठेवतं. तारीख, वेळ, कुठल्या आकड्यावरून आला, कुठलं पान मागितलं. ओळीच्या शेवटी लांबलचक इंग्रजी गिचमिड असते, ती मी वाचत नाही. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला अशी आयती नोंदवही मिळणं म्हणजे चैन आहे. लगेच एक रजिस्टर घातलं. रोज संध्याकाळी आवक लिहायची.

कन्येला अभिमानाने एकशे बारा सांगितले. ती हसत सुटली. "बाबा, ते कुलपं हलवून बघणारे! प्रोग्राम असतात ते. जगभर हिंडतात, कुणाचं दार उघडं राहिलंय का बघत." नीट बघितलं तर एकशे दहा जणांनी नसलेलीच पानं मागितली होती. उरले दोन. एक कन्या. दुसरा – राउटर.

राउटर कसा, तर राउटरची सेटिंग ज्या आकड्यावर उघडते, तोच आकडा त्या ओळीत होता. म्हणजे राउटर स्वतःच अधूनमधून पान चालू आहे ना बघून जातो. घरातलंच यंत्र. एका शाखेचा कागद दुसऱ्या शाखेत गेला तर तो आवकमध्ये धरायचा नसतो – नवीन लोकांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. तेव्हा नोंद अशी –

आवक: बाहेरची १. अंतर्गत १ (धरली नाही).

४ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा ते सव्वाबारा वेबसाइट बंद. कारण – इस्त्री. हिने मशीनचा प्लग काढून इस्त्री लावली. वर म्हणते, "जगात कुणाचं अडलं?"

मशीनवर कागद चिकटवला. "हे यंत्र बंद करू नये. हुकुमावरून."

संध्याकाळी त्याखाली हिच्या अक्षरात – "हुकूम कुणाचा?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. कन्येने विचारलं तेव्हा मी म्हटलं, जुन्या मशीनवाल्यांच्या उपयोगी पडेल. ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही.

नानांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एक शटर, एक बाक, एक पिवळा दिवा. चव्वेचाळीस वर्षं. हातात आलेल्या प्रत्येक मशीनची त्यांनी वहीत नोंद केलीय. अकरा वह्या आहेत. बैठकीच्या कपाटात असतात, मी रोज एक पान त्यातलं टाईप करून वेबसाइटवर टाकतो. आजचं पान –

"निळं मशीन, शिक्षिका बाई. टाके सुटतात. सुई उलटी बसवलेली. दाखवलं. म्हणाल्या, आमच्याकडे पहिल्यापासून अशीच बसवतात."

"काळं मशीन. खडखड. आत बटण सापडलं. बटण परत दिलं. शर्टाचा पत्ता नाही."

"हातमशीन. काही बिघाड नाही. दर महिन्याला घेऊन येतात, तासभर बसतात, घेऊन जातात. तेल घालून देतो."

तीन वर्षांपूर्वी नाना महिनाभर ताईकडे राहायला गेले होते. हात थरथरायला लागले होते त्यांचे. सुईत धागा ओवायला गिऱ्हाइकालाच सांगायचे. त्यात इमारतीच्या मालकाला गाळा परत हवा होता. मी त्या महिनाभरात दुकान बंद केलं. शटर ओढलं, सामान काढलं, किल्ली देऊन टाकली. नाना परत आले ते एसटी स्टँडवरून घरी न येता थेट दुकानात गेले. तिथे झेरॉक्सवाला बसला होता.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. एक शब्द नाही. रागावलेही नाहीत – ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त "त्याला सांग."

या वह्या कुणीतरी वाचाव्यात आणि म्हणावं, हा माणूस जाणकार होता. बस्. मग कदाचित मला झोप लागेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आवक: बाहेरची १ (कन्या). अंतर्गत १ (धरली नाही).

१२ फेब्रुवारी, बुधवार

आवक: बाहेरची शून्य. कन्येची परीक्षा आहे. अंतर्गत १ (धरली नाही).

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेरचा माणूस!! कन्या नव्हे – तिला विचारून घेतलं. सकाळी सव्वासहाला. आणि नसलेली पानं मागितली नाहीत, असलेलीच मागितली. ओळीने सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत! अकरा पानं, चार सेकंदांत.

चार सेकंद म्हणजे जाणकारच असणार. नानाही मशीनकडे एकदा बघून सांगायचे.

हिला सांगितलं. ही कणीक मळत होती. म्हणाली, "नानांना सांगू का?" म्हटलं, सांग. तिने सांगितलं – "नाना, यांच्याकडे कुणीतरी आलं होतं, सकाळी सव्वासहाला." नाना म्हणाले, "मग चहा तरी विचारायचा होता."

१९ फेब्रुवारी, बुधवार

सव्वासहाचे गृहस्थ रोज येतात. एक दिवस खाडा नाही. त्यांच्यासाठी आता मी रात्रीच्या जेवणाआधी नवीन पान टाकून ठेवतो, म्हणजे सकाळी ताजं मिळेल. पहिल्या पानावर वर एक ओळही घातली – "नियमित वाचकांचे आभार."

आज एक घोळ झाला. बॉबिनच्या डबीचा स्क्रू किती फिरवायचा, ते वहीत नीट लागत नव्हतं, शाई पसरली होती. मी अंदाजाने "अर्धा फेरा" लिहून मोकळा झालो. ते परवाचं. आज दुसरं काही बघायला तीच वही काढली, तर त्या ओळीशेजारी पेन्सिलीने स्वच्छ लिहिलेलं – "पाव. अर्धा नव्हे. अर्ध्याने डबी गळते."

एवढं ठळक मला परवा दिसलं कसं नाही! चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा. वेबसाइटवर दुरुस्ती केली. सव्वासहाच्या गृहस्थांनी चुकीचं वाचलं असेल, त्याची चुटपुट लागून राहिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक गंमत लक्षात आली. राउटर रविवारी पान बघत नाही! मागचे रविवार काढून बघितले, एकाही रविवारी नाही. सोमवार ते शनिवार, दुपारी सव्वादोन ते पावणेतीन, एखाद्या दिवशी तीन. त्यातही घाई नाही. एकेका पानावर सात-सात, आठ-आठ मिनिटं.

नोकरीत कायम झालेला दिसतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक वेगळं पान टाकलं. वहीतलं नाही, माझं. गृहस्थांना प्रश्न पडला असेल की एवढं दुकान होतं तर आता कुठे आहे. त्याचं उत्तर द्यायला हवं. तळाशी बारीक अक्षरात "दुकानाविषयी" असं ठेवलंय. सूचनेसारखं लिहिलं, दुसरं मला लिहिता येत नाही –

"सदर दुकान बंद आहे. ते मी बंद केले. मालक परगावी असताना केले. विचारले असते तर त्यांनी नाही म्हटले असते, म्हणून विचारले नाही. मालकांच्या हत्यारांची लाकडी पेटी इतर सामानाबरोबर भंगारात गेली. ती मी उघडूनही बघितली नाही. ती ठेवायला हवी होती. मालकांना शेवटचा दिवस मिळायला हवा होता. त्यांनी स्वतः शटर ओढायला हवे होते. ही चूक माझी आहे, इतर कोणाची नाही."

खाली सही करणार होतो. वेबसाइटवर सही कशी करतात ते माहीत नाही.

  

४ मार्च, मंगळवार

सव्वासहाचे गृहस्थ गृहस्थ नाहीत.

कन्येने परवा विचारलं होतं, कोण हो हे तुमचे गृहस्थ? मी कौतुकाने त्यांच्या चार ओळी फोटो काढून पाठवल्या. आज परीक्षा संपल्यावर तिने बघितल्या.  मग – "बाबा, रागावू नका हं. ओळीच्या शेवटी लिहिलंय बघा. हा रोबो आहे. वेबसाइटांची यादी करत फिरतो. चांगला आहे तसा. पण माणूस नाही."

मी म्हटलं, "रोज येतो गं."

ती म्हणाली, "रोबो रोजच येतात, बाबा."

पहिल्या पानावरची आभाराची ओळ काढली.

८ मार्च, शनिवार

आवक: बाहेरची शून्य. अंतर्गत १ (धरली नाही).

पाच आठवड्यांत एक माणूस नाही. कन्या मुलगी म्हणून येते, रोबो रोबो म्हणून येतो, राउटर ड्युटी म्हणून येतो. ठरवलं – ३१ मार्चला मशीन बंद करायचं. वर्षअखेर आहे, ऑफिसातही जुनी रजिस्टरं त्याच दिवशी बांधतो. चपला स्टँडवर परत येतील. ही खूश होईल.

हिला सांगितलं. खूश झाली नाही. म्हणाली, "बघा बाई. नीट विचार करा." तिने माझ्या बाबतीत 'विचार करा' म्हणण्याची ही पहिलीच वेळ. इस्त्रीचा प्लग मिळत असताना!

१२ मार्च, बुधवार

सकाळी ताई येऊन नानांना घेऊन गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन. डोळ्यांचा दवाखाना तिच्या घराजवळ आहे. दोन-अडीच आठवडे तिकडेच.

निघताना नानांनी पॅसेजमध्ये चपला शोधल्या. चपला आता मशीनखाली असतात. वाकून काढायला गेले, मी पुढे होऊन काढून दिल्या. त्यांनी पायात घातल्या. मशीनच्या पंख्यावर हात ठेवून जरा उभे राहिले. मग हिला म्हणाले, "त्याला सांग, हे चालू राहू दे."

पंखा म्हणत असावेत. परवा मी तेल घातलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

राउटर बिघडला वाटतं. काल नाही, परवा नाही, आज नाही. तीन दिवसांत अंतर्गत भेट शून्य! नेट मात्र व्यवस्थित चालू आहे.

१५ मार्च, शनिवार

आजही नाही. राउटर दोनदा बंद-चालू केला. सव्वासहाचा रोबो आला, राउटर नाही. घरातलंच यंत्र असं वागायला लागलं की काही सुचत नाही. नेटवाल्याला फोन केला, सोमवारी संध्याकाळी येतो म्हणाला.

१७ मार्च, सोमवार

सहाला नेटवाला आला. तक्रार काय म्हणाला. मी म्हटलं, राउटर रोज सव्वादोनला माझं पान बघायचा, पाच दिवस झाले बघत नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हिच्याकडे बघितलं. ही एकदम भाजी चिरायला आत गेली.

मी रजिस्टर दाखवलं. मशीनमधल्या ओळी दाखवल्या. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, "काका, राउटर वाचत नाही हो. राउटर म्हणजे पोस्टमन. आणून देतो, घेऊन जातो. पत्र कोण वाचतंय त्याला काय पडलंय!"

"मग हा आकडा?"

त्याने स्वतःचा मोबाइल काढला, आमच्या घरच्या नेटला जोडला, माझी वेबसाइट उघडली. मशीनमध्ये नवीन ओळ पडली. राउटरचाच आकडा! "घरातल्या घरात कुणीही मोबाइलवर उघडलं की हाच आकडा पडतो. बघा, आता मीच तुमचा राउटर."

तो गेला. मी चपलांच्या स्टँडसमोर फरशीवर बसलो आणि सव्वादोनच्या ओळी काढल्या. या वेळी शेवटची गिचमिड वाचली. त्यात मोबाइलचं नाव असतं. माझा फोन तो नाही. हिचाही नाही. घरात तिसरा फोन एकच आहे – कन्येने जाताना आजोबांना दिलेला, मोठ्या अक्षरांचा.

सोमवार ते शनिवार. मी ऑफिसात असताना. रविवारी मी घरी असतो, म्हणून रविवारी नाही.

३ फेब्रुवारीपासून ११ मार्चपर्यंत एकही दिवस चुकलेला नाही. बत्तीस दिवस. नवीन पान आलं की त्याच दिवशी, आठ-आठ मिनिटं. डोळ्यात मोतीबिंदू असताना! आणि २८ फेब्रुवारीपासून रोज आणखी एक पान – "दुकानाविषयी." दहा दिवस, दहा वेळा.

बत्तीस वेळा मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय – धरली नाही.

रडलो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी हिला विचारलं, तुला माहीत होतं?

"अहो, मीच तर लावून दिलं त्यांच्या फोनवर. पहिल्याच सोमवारी. म्हणाले, काय एवढं टाईप करतोय तो, दाखव. मग रोज जेवण झालं की खुर्ची खिडकीशी ओढायची आणि वाचत बसायचं. मध्ये एकदा 'गाढव आहे, अर्धा फेरा म्हणतोय' म्हणून वही मागून घेतली."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही रोज मोजत होतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे." मग डब्याचं झाकण लावत, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, त्यांना सांग. मग ते म्हणाले असते, त्याला सांग. तीन वर्षं तुमचं टपाल वाहतेय मी. कंटाळा आलाय मला, खरं सांगते."

 डबा घेतला आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी रजिस्टर दुरुस्त केलं. बत्तीस ठिकाणी "(धरली नाही)" लाल शाईने खोडलं, शेजारी "धरली" लिहिलं. नियमाप्रमाणे प्रत्येक दुरुस्तीला सही. बत्तीस सह्या. सत्तावीस वर्षांत माझ्या रजिस्टरमध्ये एवढी खाडाखोड कधी झाली नव्हती.

३१ मार्चचं रद्द.

२१ मार्च, शुक्रवार

ताईचा फोन. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी दहा दिवस मोबाइल बघायचा नाही म्हणून सांगितलंय. "पण चिडचिड करतात रे. दुपारी दोन वाजले की फोन मागतात. आता या वयात काय लागलंय त्यांना मोबाइलचं वेड!"

मी म्हटलं, असेल काहीतरी.

ताईला सगळं सांगावंसं वाटलं. तोंडाशी आलं होतं. नाही सांगितलं.

२६ मार्च, बुधवार

दुपारी २.१७ वाजता बाहेरच्या आकड्यावरून एक भेट. शेवटची गिचमिड वाचली. तोच मोठ्या अक्षरांचा फोन. डॉक्टरांचे दहा दिवस व्हायचे आहेत अजून!

पान एकच. "दुकानाविषयी." एक मिनिट.

आवक: बाहेरची १.

२९ मार्च, शनिवार

नाना आले. ताईने सोडलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. नानांना काळा चष्मा. ते पॅसेजमध्ये थांबले, मशीनवरचा कागद वाचला – लांबूनच, न वाकता. "हुकुमावरून" आणि खालचं "हुकूम कुणाचा?" सगळं. हसल्यासारखं वाटलं. काळ्या चष्म्यामुळे नक्की सांगता येत नाही.

जेवताना मी सरळ त्यांच्याकडे बघून म्हटलं, "नाना, आता स्पष्ट दिसतंय का?"

ते हिला म्हणाले, "त्याला सांग, दिसतंय."

ही ताट उचलून आत गेली. सांगितलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी ही भाजी आणायला गेली होती आणि नानांच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. एरवी ही घालते. नाना खुर्चीत बसून बाटली हातात धरून वाट बघत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी जवळ गेलो आणि बाटली घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली. मान मागे टाकली.

तीन वर्षांत पहिल्यांदा हात लावला त्यांना. कपाळाची कातडी किती पातळ झालीय! उजव्या डोळ्यात एक, डाव्या डोळ्यात एक. पाणी आलं. औषधानेच येतं ते, चिठ्ठीवर लिहिलंय.

बोलायचं ठरवलं होतं. "नाना, ती पेटी –" एवढंच तोंडातून आलं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मी टेबलावर बाटली ठेवली आणि ऑफिसला गेलो. उशीर झाला. माझ्या नोकरीतला दुसरा उशीर. पहिला कन्येच्या जन्माच्या दिवशी.

दुपारी २.१५, अंतर्गत १. धरली.

३ एप्रिल, गुरुवार

काही होत नाही. ते वाचतात, मी लिहितो. मध्ये एक भिंतही नाही, नुसता पॅसेज आहे. आज नवीन पानाच्या खाली मुद्दाम प्रश्न घातला – "पट्टा सारखा घसरत असल्यास मालक काय करत, ते वहीत नाही. कुणाला ठाऊक असल्यास कळवावे."

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी डब्याखाली चिठ्ठी. पेन्सिलीने – "चाकाला खडू."

मला नाव नाही, 'प्रिय' नाही, काही नाही. पण 'त्याला सांग' पण नाही! चिठ्ठी पाकिटात ठेवली. ऑफिसात चार वेळा काढून बघितली. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, बदलीची ऑर्डर आहे का?

हिला दाखवली. वाचून परत दिली. म्हणाली, "चांगलंय. म्हणजे आता मी टपाल वाहायचं नाही, तर तुम्ही चिठ्ठ्या टाकत बसणार. अजून दहा वर्षं."

६ एप्रिल, रविवार

दुपारी सव्वादोन. मी घरात, पेपर वाचत. ही स्वयंपाकघरात, दार लोटून.

नाना मोबाइल हातात घेऊन पॅसेजमध्ये आले. रविवार असून! मशीनकडे बघितलं. पंखा थांबलेला. मग माझ्याकडे बघितलं – आजूबाजूला कुणी नव्हतं, माझ्याकडेच.

"काय रे, आज बंद ठेवलंयस?"

बोर्डावरचं बटण बंद केलेलं होतं. इस्त्री कपाटात होती.

"नाही नाना. उघडतोच."

मशीन चालू व्हायला दोन मिनिटं लागली. तोवर नाना स्टूल ओढून तिथेच बसून राहिले.

आवक: १.